सर्वोत्तम स्नोमोबाईल कोणती? वेगाच्या याद्यांविरुद्ध एक कैफियत

१/ मित्रहो, धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा. गतकाळातील सर्वोत्तम स्नोमोबाईल कोणती, हा वाद उत्तर अमेरिकेत आणि उत्तर युरोपात कित्येक दशके चालू आहे. या वादातील याद्या चाळल्या तर एक गोष्ट ताबडतोब नजरेत भरते. पहिला मान बहुधा सर्वांत वेगवान किंवा सर्वांत बलाढ्य यंत्राला मिळतो. या निवाड्याला माझा आक्षेप आहे. इतिहासाच्या न्यायासनासमोर अश्वशक्ती हा दुय्यम पुरावा ठरतो, असे माझे म्हणणे आहे. आडपडदा न ठेवता माझे उत्तरही आधीच सांगून टाकतो: १९७१ ते १९९६ या काळात बनलेली, रूपाने साधी आणि वेगात मागे पडणारी स्की-डू एलान.

२/ प्रथम यंत्राची ओळख. गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांनी ‘स्नो स्कूटर’ या नावाने हे वाहन पाहिलेले असते. पुढे वळण्यासाठी स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि आसन. इंजिनाची शक्ती बेल्टच्या स्वयंचलित क्लचमधून पट्ट्याकडे जाते, त्यामुळे गिअर बदलावे लागत नाहीत. भुसभुशीत बर्फात चाक रुतते, कारण सगळा भार तळव्याएवढ्या जागेवर पडतो. पट्टा तोच भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, म्हणून वाहन बर्फावर जणू तरंगते. या यंत्राचे सारे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे.

३/ पर्यटकाला ही घटकाभराची गंमत वाटते. सियाचिनच्या हिमनदीवर मात्र आपले सैन्य याच जातीची वाहने माणसे आणि सामान वाहण्यासाठी वापरते. तेथे तिला गंमत म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. एकाच यंत्राची ही दोन रूपे ध्यानात ठेवावीत. एक खेळणे आहे, दुसरे जीवनसाधन आहे. ‘सर्वोत्तम’ ठरवताना कोणत्या रूपाची कसोटी लावायची, हा वादाचा मूळ मुद्दा आहे, आणि वेगाच्या याद्या नेमका तोच मुद्दा न मांडता निकाल देऊन मोकळ्या होतात.

४/ इतिहासात शिरू. स्नोमोबाईलचा ‘जनक’ एकच, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रशियाच्या झारच्या पदरी असलेल्या अडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झारच्या मोटारींच्या मागील चाकांऐवजी लवचीक पट्टे बसवले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइटने फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला स्की आणि पट्टे जोडण्याच्या संचाचे पेटंट १९१७ मध्ये मिळवले; ‘स्नोमोबाईल’ हे नावही त्याच्याच संचामुळे रूढ झाले. विस्कॉन्सिनमधील सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ मध्ये मोटार बसवलेली घसरगाडी बनवली आणि १९२७ मध्ये तिचे पेटंट घेतले. एका माणसाने स्वार होऊन जायचे वाहन ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

५/ याही आधीचा एक धडा अंटार्क्टिकातून मिळतो. रॉबर्ट स्कॉटने आपल्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी तीन मोटार-स्लेज नेल्या होत्या. त्यांतील एक जानेवारी १९११ मध्ये जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन मोहिमेच्या आरंभी काही अंतर चालल्या आणि इंजिने तापून निकामी झाली. पट्ट्यांची कल्पना चूक नव्हती. यंत्र वाटेत बिघडले तर ते तेथे दुरुस्त कसे करायचे, याचे उत्तर मात्र कोणापाशी नव्हते. पुढे ओझे माणसांनी ओढले. हा प्रसंग लक्षात असू द्या. माझ्या युक्तिवादाचा पाया तोच आहे.

६/ आता जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए. जन्म १९०७, गाव व्हालकूर, प्रांत क्वेबेक. १९२२ च्या अखेरीस, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन स्लेजवर चढवले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि ते धूड गावातून चालवून दाखवले. फिरत्या उघड्या पंख्याचा धोका ओळखून वडिलांनी ते ताबडतोब मोडायला लावले. मुलाने यंत्र मोडले. त्यामागचा विचार मात्र त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढे त्याने गावातच गॅरेज काढले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फावर चालणारे वाहन घडवण्याचे प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम होता.

७/ १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आतड्याच्या आवरणाला सूज येऊन गंभीर आजारी झाला. इस्पितळ शेरब्रुकला होते आणि रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. प्रयोगातील गाडी चालण्याच्या अवस्थेत नव्हती. मूल दगावले. या घटनेवरून ‘मुलाच्या मृत्यूमुळे स्नोमोबाईलचा जन्म झाला’ असे वाक्य सर्रास फिरते. ते करुण आहे, पण खरे नाही. बोम्बार्डिए त्याआधी बारा वर्षे या प्रश्नाच्या मागे होता. त्या मृत्यूने शोधाला आरंभ दिला नाही. यंत्र कशासाठी हवे, हे मात्र कायमचे ठरवून टाकले.

८/ पुढे त्याने रबरात मढवलेले दातेरी चक्र आणि पट्टा यांची जोडणी सिद्ध केली आणि १९३७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सात जणांची बी-७ आली, त्यामागून बारा जणांची बी-१२. लाकडी बांधणीची, गोल खिडक्यांची ही गाडी बर्फावरची बसच होती. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले, रुग्ण हे तिचे प्रवासी. १९४२ मध्ये त्याने रीतसर कंपनी स्थापन केली. ‘सर्वोत्तम’च्या याद्यांत बी-१२ क्वचितच दिसते, कारण ती शर्यत जिंकत नाही. गर्भवती स्त्रीला इस्पितळात पोहोचवणे हा शर्यतीचा प्रकार नसावा, असे आपण समजायचे!

९/ आणि आता इतिहासातील एक मार्मिक वळण. १९४८ मध्ये क्वेबेकच्या सरकारने हिवाळ्यात ग्रामीण रस्त्यांवरील बर्फही हटवण्याचा कायदा केला. बोम्बार्डिएच्या गाड्यांची मागणी झपाट्याने घसरली. म्हणजे ज्या प्रश्नाने त्याचे मूल हिरावले, त्या प्रश्नाचे खरे उत्तर स्नोमोबाईल नव्हतेच. ते होते हिवाळ्यात मोकळा ठेवलेला रस्ता. राज्यसंस्थेने आपले कर्तव्य उशिरा का होईना केले आणि कारखानदाराला दुसरा मार्ग शोधावा लागला. यंत्रांच्या प्रेमात पडलेल्या प्रत्येक तरुण अभ्यासकाने हा प्रसंग आठवावा. चांगले यंत्र पुष्कळदा एखाद्या सार्वजनिक उणिवेची भरपाई करत असते.

१०/ रस्ते मोकळे झाले, तरी जेथे रस्तेच नव्हते तो प्रदेश उरला. तेथे एकट्या माणसाला नेणारे हलके वाहन हवे होते. हलकी इंजिने आता उपलब्ध होती, आणि अखंड रबरी पट्टा घडवण्याच्या कामी बोम्बार्डिएचा मुलगा जेर्में याचाही हातभार लागला. १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते आणि छपाईतील चुकीमुळे ते ‘स्की-डू’ झाले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, कुत्र्यांच्या गाडीची जागा घ्यायची हा हेतू त्यातून उघड होतो. ओंटारिओच्या उत्तरेस काम करणारा मिशनरी मित्र मॉरिस विमे हा या यंत्राच्या पहिल्या परीक्षकांपैकी एक होता.

११/ याच सुमारास अमेरिकेत, मिनेसोटातील रोझो गावी, शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात डेव्हिड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बर्फावरचे यंत्र जुळवले. धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचा पट्टा आणि शेव्हरोलेट मोटारीच्या बंपरच्या स्की, असा तो जुगाड होता. भागीदार एडगर हेटीनला तो उद्योग प्रथम रुचला नाही. तरी ते यंत्र ४६५ डॉलरना विकले गेले आणि त्यातून पोलारिसच्या स्नोमोबाईलची परंपरा सुरू झाली. १९६० मध्ये हेटीनने स्वतः अलास्कात बेथेल ते फेअरबँक्स असा सुमारे १,२०० मैलांचा प्रवास या यंत्रांवर केला. पुढे तो पोलारिसमधून बाहेर पडला आणि आर्क्टिक कॅटचा पाया त्याने घातला.

१२/ मग आला तो भरतीचा काळ. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्नोमोबाईल हे उत्तर अमेरिकेचे हिवाळी वेड झाले. १९७१ च्या सुमारास वर्षाला जवळपास पाच लाख यंत्रे विकली जात होती. शंभराच्या आसपास उत्पादक मैदानात उतरले. ट्रॅक्टरवाली जॉन डीअर आणि मोटारसायकलवाली हार्ले-डेव्हिडसन यांनीही स्नोमोबाईल बनवून पाहिली. नंतर तेलसंकट आले, बर्फ कमी पडलेले हिवाळे आले, मंदी आली. जॉन डीअर १९८० च्या दशकाच्या आरंभी बाहेर पडली. आर्क्टिक कॅटची मूळ कंपनी १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नंतर नव्याने उभी राहिली. अखेर मोठे म्हणावेत असे चारच उरले: स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा.

१३/ ‘सर्वोत्तम’च्या आजच्या बहुतेक याद्या या भरतीच्या आणि त्यानंतरच्या काळातील आहेत. त्यांतील प्रमुख दावेदारांना न्याय देऊनच मी त्यांचा दावा नाकारणार आहे. त्यासाठी आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ. ‘महत्त्वाचे’ म्हणजे ज्याने आरंभ केला. ‘प्रभावी’ म्हणजे ज्याचे इतरांनी अनुकरण केले. ‘उत्तम’ म्हणजे ज्याने आपले नेमून दिलेले काम, ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यासाठी, सर्वांत भरवशाने केले. याद्यांमध्ये हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि म्हणून वाद कधी संपत नाही.

१४/ दावेदार पहिला: १९५९ ची स्की-डू. ती महत्त्वाची निःसंशय. पण ती दुबळ्या इंजिनाची आणि लाकडी स्कींची पहिलीवहिली आवृत्ती होती, आणि पुढील वर्षांत तिच्यात पुष्कळ सुधारणा कराव्या लागल्या. पहिल्या पावलाला आपण वंदन करतो. ते पाऊल सर्वांत दमदार होते, असे मात्र म्हणत नाही.

१५/ दावेदार दुसरा: पोलारिस इंडी. हा सर्वांत सबळ प्रतिस्पर्धी. पूर्वी पुढील स्की पानपट्टी स्प्रिंगवर बसवलेल्या असत. खड्डा आला की धक्का थेट हातांत. १९८० च्या मॉडेलपासून पोलारिसने शर्यतीत पारखलेले स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन ग्राहकांच्या यंत्रात आणले. प्रत्येक स्की आपापली वरखाली होऊ लागली. इतरांनाही त्या वाटेने जावे लागले. इंडीला ‘सर्वांत प्रभावी’ हा किताब मी आनंदाने देतो. तथापि तिचे खरे क्षेत्र म्हणजे आखून दिलेली, दर काही मैलांवर पंप आणि गॅरेज असलेली वाट. त्या वाटेबाहेर तिच्या गुणांचे मोल कमी होते.

१६/ दावेदार तिसरा: यामाहाची एसआरएक्स ४४०, आणि पुढे २००३ ची आरएक्स-१. पहिली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील वेगवान यंत्रांत अग्रगण्य होती. दुसरीने मोटारसायकलच्या कुळातील फोर-स्ट्रोक इंजिन बर्फावर आणून आवाज आणि धूर कमी करता येतो, हे मोठ्या बाजारात दाखवून दिले. गुण मोठा आहे आणि तो मी पुढे मान्यही करणार आहे. परंतु वजन आणि किंमत या दोन बाबतींत ती सामान्य गरजूच्या आवाक्यातील नव्हती. यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर हा व्यवसायच थांबवण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले, हे जाता जाता नोंदवतो.

१७/ दावेदार चौथा: २००३ ची स्की-डू रेव्ह. चालकाला पुढे, यंत्राच्या गुरुत्वमध्याजवळ बसवून तिने बैठकीचे सगळे गणितच बदलले. उड्या घेणाऱ्या शर्यतींत तिचा फायदा लखलखीत दिसला आणि सर्वांनी तिचे अनुकरण केले. हीसुद्धा ‘प्रभावी’च्या पंक्तीत बसते. ती सोडवत असलेला प्रश्न मात्र पाहा: उंचसखल जागेवर वेगाने जाताना चालकाला त्रास कमी कसा होईल? प्रश्न रास्त आहे. इव्होंला शेरब्रुकला कसे न्यायचे, हा तो प्रश्न नव्हे.

१८/ ‘पण शक्ती लागतेच ना?’ असा प्रतिप्रश्न येईल. उत्तर उत्तर ध्रुवावर मिळते. मिनेसोटातील विमाविक्रेता राल्फ प्लेस्टेड १९६७ मध्ये स्नोमोबाईलने ध्रुवाकडे निघाला आणि परतला. १९६८ मध्ये तो पुन्हा गेला आणि एप्रिलमध्ये चौघांची तुकडी ध्रुवावर पोहोचली. अमेरिकेच्या वायुदलाच्या विमानाने त्यांचे स्थान पडताळून पाहिले. पिअरीचा १९०९ चा दावा आजही वादग्रस्त आहे. म्हणून पृष्ठभागावरून ध्रुव गाठल्याची पहिली निर्विवाद नोंद म्हणून प्लेस्टेडचे नाव घेतले जाते. त्यांची यंत्रे कोणती? अवघ्या १६ अश्वशक्तीच्या स्की-डू. आजच्या शर्यतीच्या यंत्रांची शक्ती याच्या दसपट असते.

१९/ प्रामाणिकपणे सांगायचे तर प्लेस्टेडला विमानातून रसद मिळत होती आणि परतीचा प्रवासही विमानानेच झाला. तरीही बर्फाचे उंचवटे आणि फटी ओलांडण्याचे काम त्या लहान इंजिनांनीच केले. पुढे रनल्फ फाइन्सच्या मोहिमेने १९८०–८१ मध्ये स्की-डूवर अंटार्क्टिका ओलांडले आणि १९८२ मध्ये उत्तर ध्रुवही गाठला. या पराक्रमांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे: ध्रुवावर जायला वेग लागत नाही; जे बिघडणार नाही, आणि बिघडलेच तर गारठलेल्या हातांनी उघडून नीट करता येईल, असे यंत्र लागते. स्कॉटपाशी हेच नव्हते.

२०/ आता माझी उमेदवार. स्की-डू एलान १९७१ मध्ये आली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. पंचवीस वर्षे! २५० घनसेंटिमीटरच्या वर्गातील, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन. पाणी नाही, म्हणून पंप नाही, रेडिएटर नाही आणि गोठण्याची भीतीही नाही. दोरी ओढून सुरू करायची. इतरांनी सरकपट्टीचे सस्पेन्शन स्वीकारल्यावरही हिच्या पट्ट्याला जुनी बोगी चाकेच आधार देत राहिली. इंजिनात मधूनमधून बदल झाले, पण मूळ साधेपणा सुटला नाही. ती हलकी होती. पाणथळ बर्फात रुतली तर मागचा भाग उचलून बाहेर काढता येत असे. ती स्वस्तही होती. सापळे लावणारे शिकारी, मच्छीमार, दूरच्या वस्त्यांतील कुटुंबे हे तिचे खरे स्वामी.

२१/ येथे चतुर वाचक मला अडवील: ‘दीर्घायुष्य हीच कसोटी असेल तर सोव्हिएत बुरान का नको?’ प्रश्न उत्तम आहे. व्होल्गाकाठच्या रिबिन्स्कमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभापासून बनणारी, दोन पट्टे आणि एक स्की असलेली बुरान एलानपेक्षाही दीर्घायुषी ठरली. सायबेरियात तिने ओझी वाहिली, माणसे वाहिली. तिचा मान मोठा आहे. परंतु सोव्हिएत ग्राहकासमोर निवडीला दुसरे होतेच काय? दीर्घायुष्य तेव्हाच पुरावा ठरते, जेव्हा ते स्पर्धेत टिकून मिळालेले असते. एलान चार बलाढ्य कंपन्यांच्या बाजारात, स्वतःच्याच कंपनीच्या नव्या मॉडेलांशी झुंजत पंचवीस वर्षे टिकली. जाहिरात वेगवान यंत्रांची होत असताना लोक तिला विकत घेत राहिले. हा कौल मी कोणत्याही करंडकापेक्षा मोठा मानतो.

२२/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: धूर. जुने टू-स्ट्रोक इंजिन तेलमिश्रित पेट्रोलचा काही भाग न जाळताच बाहेर फेकते, आणि आवाजही फार करते. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात याच कारणाने स्नोमोबाईलवर दीर्घ वाद झाला आणि अखेर कमी धूर, कमी आवाज करणाऱ्या यंत्रांनाच तेथे वाव मिळाला. एलान या कसोटीला उतरत नाही. हे मी लपवणार नाही. इतकेच म्हणेन की उद्यानात मौजेसाठी येणारी शेकडो यंत्रे आणि अन्न मिळवण्यासाठी निघालेले एक यंत्र यांच्या धुराचा जाब एकाच शब्दांत विचारू नये.

२३/ तिसरा आक्षेप मात्र कोणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. हे यंत्र ज्यांच्या उपकारासाठी आले असे आपण म्हणतो, त्यांना त्याची किंमत काय पडली? मानववंशशास्त्रज्ञ पर्टी पेल्टो यांनी फिनलंडमधील सेवेट्टियार्वी येथील स्कोल्ट सामी लोकांचा अभ्यास करून १९७३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मूळ भूमी सोडावी लागलेला हा समाज रेनडिअरांवर जगत होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे स्नोमोबाईल आली आणि दहा वर्षांत घरोघर पोहोचली.

२४/ परिणाम काय झाला? दुकान, डॉक्टर, नातलग जवळ आले. हा लाभ खराच. पण यंत्राने पिटाळलेली रेनडिअरे माणसापासून बिचकू लागली. स्लेज ओढणारी माणसाळलेली जनावरे निरुपयोगी ठरली. यंत्र, पेट्रोल आणि सुटे भाग यांसाठी रोख पैसा लागू लागला. ज्यांच्यापाशी तो होता ते टिकले. अनेक कुटुंबे कळपाच्या व्यवसायातून बाहेर फेकली गेली. पूर्वी ऊर्जेचे साधन अंगणात चरत होते. आता ते दूरच्या तेलकंपनीच्या हाती गेले. जुन्या समतेच्या जागी नवी विषमता आली.

२५/ कॅनडाच्या आर्क्टिकमधील इन्युइट समाजाची कथा याहून कटू आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांना स्थिर वस्त्यांत आणले गेले आणि त्या काळात त्यांचे स्लेजचे कुत्रे मोठ्या संख्येने मारले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने इकालुइट येथे किकिक्तानी प्रदेशातील इन्युइटांची माफी मागितली, तिच्यात या हत्येचाही समावेश होता. कुत्रे गेले, स्नोमोबाईल आली. पण कुत्र्याला पातळ बर्फ कळतो, वादळात घरची वाट कळते, आणि त्याचे पोट शिकारीतून भरते. यंत्राला यातले काहीच येत नाही. ते बंद पडले की माणूस एकटा उरतो.

२६/ म्हणूनच एलान. ज्याच्या अंगणातील कुत्रे आणि रेनडिअरे गेली, त्याला परतीचा मार्ग उरलेला नव्हता. यंत्र ही त्याची निवड राहिली नाही, ती त्याची सक्ती झाली. अशा माणसाच्या हाती कोणते यंत्र द्यावे? जे फक्त कंपनीचा मेकॅनिक उघडू शकतो ते, की ज्याचा प्लग तो स्वतः उणे तीस अंशांत बदलू शकतो ते? जे घेण्यासाठी अनेक वर्षांचे कर्ज काढावे लागते ते, की जे एका हंगामाच्या फरवर येते ते? या प्रश्नांची उत्तरे देताना अश्वशक्तीचा आकडा कोठेच उपयोगी पडत नाही.

२७/ वेगाची बाजू घेणाऱ्यांना माझा विरोध त्यांच्या आनंदाबद्दल नाही. बर्फावर सुसाट जाण्यात आनंद आहे, आणि शर्यतींनी यंत्रे सुधारली हेही सत्य आहे. इंडीचे सस्पेन्शन त्याचाच पुरावा. विरोध आहे तो इतिहासाच्या संकोचाला. यादीत केवळ विजेत्यांची यंत्रे ठेवली की व्हालकूरचे गॅरेज, १९४८ चा कायदा, सेवेट्टियार्वीचे कळप आणि इकालुइटची माफी हे सगळे यादीबाहेर पडते. मग उरतो तो इतिहास नसतो. जुन्या माहितीपत्रकांची ती चळत असते.

२८/ तरुण अभ्यासकांनो, पुढच्या वेळी कोणत्याही यंत्राची ‘सर्वोत्तम दहा’ अशी यादी समोर आली, मग ती मोटारींची असो, तोफांची असो वा जहाजांची, तर तीन प्रश्न विचारा. हे कोणासाठी उत्तम होते? ते बिघडले तेव्हा दुरुस्त कोण करत होते? आणि ते आल्यामुळे कोणाचे काय गेले? ज्या यादीला ही उत्तरे देता येत नाहीत, तिच्यातील क्रमांकांना अर्थ नाही.

२९/ माझा निवाडा पुन्हा नोंदवतो. सर्वांत महत्त्वाची: १९५९ ची स्की-डू. सर्वांत प्रभावी: पोलारिस इंडी. सर्वोत्तम: स्की-डू एलान, कारण तिच्यावर बसून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत येण्याची शक्यता सर्वांत अधिक होती. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आपली उमेदवार जरूर मांडावी. मात्र तिचा ताशी वेग सांगण्यापूर्वी, निर्जन बर्फात ती बंद पडली तेव्हा काय झाले, ते आधी सांगावे. धागा समाप्त.